कंसातली ती ओळ आधी, टेन्शनचं नंतर बोलू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लांब आहे म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वय ४१, नागपूरच्या मिहानमध्ये आयटीत नोकरी, अमेरिकेच्या वेळेची रात्रपाळी, घराचं कर्ज, ऑफिसात माणसं कमी करून राहिले त्याची धास्ती, आठ महिन्यांपासून नावं आठवत नाहीत, डोकं जड असतं, आणि वडिलांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला त्याची भीती. मेडिकल स्टोअरमध्ये एकदा बीपी मोजला तर १५४/९६, "पण तेव्हा टेन्शनमध्ये होतो". विचारलंय की टेन्शनने मेंदू झिजतो का, मला पण लकवा होईल का, एमआरआय काढून टाकू का, नसा साफ करायची सलाईन घेऊ का, आणि बाबांच्या हातासाठी स्टेम सेल कसं राहील. आणि एकदम शेवटी कंसात एक ओळ, की मागच्या मंगळवारी दहा मिनिटं उजव्या हातातून मोबाईल सुटून राहिला होता, बोलायला शब्द जुळेनात, मग आपोआप ठीक झालं, टेन्शनच असेल.

भाऊ, तुमचा खरा प्रश्न ती कंसातली ओळ आहे. बाकी सगळं निवांत बोलू.

मी नागपुरात चोवीस वर्षं न्यूरोलॉजीची प्रॅक्टिस करतोय, आणि असं कंसात सांगितलेलं वाक्य ओपीडीत रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पेशंट अर्धा तास झोप, गॅस, ऑफिस सांगतो आणि दाराशी गेल्यावर वळून म्हणतो, सर एक राहूनच गेलं. जे राहून जातं तेच बहुतेक वेळा कामाचं असतं.

एकदम अचानक एका हातातली ताकद जाणे आणि त्याच वेळी शब्द न सुचणे, याला जोवर दुसरं काही सिद्ध होत नाही तोवर आम्ही टीआयए समजतो, लोक त्याला मिनी स्ट्रोक म्हणतात. मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी थोडा वेळ अडते आणि मग मोकळी होते. उजव्या हाताची हालचाल आणि बोलणं ही दोन्ही खाती बहुतेकांच्या डाव्या मेंदूत शेजारीशेजारी असतात, एकाच रक्तवाहिनीवर. टेन्शन असं शेजार बघून धरत नाही. घाबरल्यामुळे श्वास जोरात चालतो तेव्हा साधारण दोन्ही हातांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर होतं, छातीत धडधडतं. तुमचं वर्णन तसं नाहीये.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे बसून मी निदान करू शकत नाही. मायग्रेनमध्येही असं होऊ शकतं, पण त्यात बहुतेकदा मुंग्या बोटांपासून हळूहळू वर सरकत जातात, डोळ्यांपुढे चमकतं, पंधरा-वीस मिनिटांत पसरतं. टीआयएमध्ये बटण बंद केल्यासारखं एका झटक्यात होतं. छोटी फिट असू शकते, शुगर एकदम कमी झाली असेल तरी असं होतं. यातलं काय ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणूनच ते दहा मिनिटांत ठीक झालं हा दिलासा धरून बसू नका. टीआयएनंतर मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, ते दिवस तुमचे सुदैवाने गेले, पण पुढचे काही आठवडे धोका संपलेला नसतो. ऑक्सफर्डला २००७ साली एक अभ्यास झाला होता, टीआयएच्या पेशंटला ताबडतोब तपासून त्याच दिवशी औषध सुरू केलं तर लवकर येणारे पुढचे स्ट्रोक जवळपास ८०% कमी झाले. औषधं जुनीच होती, नवीन होता तो फक्त वेग.

म्हणजे आज जा. उद्या शनिवार आहे म्हणून सोमवारी असं नको. एम्स आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, तुमच्या कंपनीचा इन्शुरन्स चालतो असं कुठलंही खाजगी हॉस्पिटल आहे जिथे न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय दोन्ही असतील. कॅज्युअल्टीत "थकवा आहे" असं सांगू नका, "मंगळवारी दहा मिनिटं उजवा हात आणि बोलणं गेलं होतं" हेच वाक्य पहिलं सांगा, नाहीतर बी-कॉम्प्लेक्स घेऊन घरी याल. आणि घरून निघताना मनाने अ‍ॅस्पिरिन टाकून जाऊ नका. टीआयएनंतर पहिले २१ दिवस रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र देण्याची पद्धत आहे, पण ती कोणाला आणि कधी हे स्कॅन पाहून ठरतं, कारण मेंदूतल्या रक्तस्रावाची सुरुवात बाहेरून अशीच दिसू शकते.

एमआरआय काढू का, हे तुम्ही विचारलंच आहे. तुम्ही काढा, आणि लवकर काढा, कारण त्यातल्या डिफ्यूजन नावाच्या फोटोत ताज्या इजेची खूण साधारण दहा-चौदा दिवसच नीट दिसते. सोबत मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी, इको, शुगर, कोलेस्टेरॉल. ठोके मधूनमधून अनियमित होतात का ते बघायला चोवीस तासांची पट्टी लावतील, कारण तो प्रकार निघाला तर गोळी वेगळी लागते. पण हे वाचून ज्यांना काहीच झालेलं नाही अशांनी "मेंदूचं चेकअप" म्हणून एमआरआय काढू नये. त्यात काहीतरी बारीक पांढरे ठिपके निघतात, रिपोर्टमध्ये अगम्य इंग्रजी असतं आणि माणूस पुढची दोन वर्षं त्या ठिपक्यांचं टेन्शन घेऊन फिरतो.

आता टेन्शनचं.

टेन्शनने मेंदूवर परिणाम होतो का? होतो, खोटं का सांगू. न्यूयॉर्कमध्ये ब्रूस मॅकईवेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं की तणावात सुटणारं हार्मोन उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जाऊन बसतं, आणि हाच भाग नवीन आठवणी नोंदवतो. त्यानंतर प्राण्यांवर बरंच काम झालं, सतत ताण असला की तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात, ताण काढला की बऱ्याच अंशी परत फुटतात. माणसात एक आजार आहे, कुशिंग म्हणतात, त्यात शरीर स्वतःच कॉर्टिसोल, म्हणजे तेच तणावाचं हार्मोन, बेसुमार बनवतं. त्या पेशंटमध्ये हा भाग लहान झालेला दिसतो आणि उपचारानंतर थोडा भरूनही येतो. म्हणून "झिजतो" हा शब्द मला आवडत नाही. झिजलेली वस्तू परत येत नाही, इथे बरंचसं परत येतं.

तुमची विसरभोळी तक्रार मला त्यातलीही वाटत नाही. नाव आठवत नाही पण आंघोळ करताना आपोआप आठवतं, चावी कुठे ठेवली ते कळत नाही पण दाखवली की "हो इथेच ठेवली होती" आठवतं, बरोबर? म्हणजे कपाट ठीक आहे, ठेवतानाच लक्ष नव्हतं. रात्री दोन वाजता कॉल घेणारा, दिवसा पाच तास तुटक झोपणारा आणि डोक्यात कर्जाचा हप्ता घोळवणारा माणूस चावी ठेवताना कुठे हजर असतो? ज्याची मला खरी काळजी वाटते तो पेशंट वेगळा असतो, तो स्वतः म्हणतो मला काही झालं नाही आणि बायको मागून खुणा करते की तासाभरात तीनदा तोच प्रश्न विचारला. तरी एवढं करा, बी-१२ आणि थायरॉइड रक्तात बघून घ्या, शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं आपल्याकडे इतकं कॉमन आहे की मी ते न बघता स्मरणशक्तीवर बोलतच नाही. आणि बायकोला विचारा घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. ते असेल तर झोपेची तपासणी लागेल, कारण रात्रभर असा अडकणारा श्वास बीपी पण वाढवतो, स्ट्रोकचा धोका पण आणि विसरभोळेपणा पण.

आता जे मला मुख्य सांगायचंय ते. टेन्शन स्वतः मेंदूला जेवढं मारत नाही तेवढं त्याचं नाव पुढे करून आपण मारून घेतो. बीपी वाढला, टेन्शनमुळे असेल, टेन्शन गेलं की उतरेल. हात गेला, टेन्शन असेल. बाबांना सकाळी बोबडं बोलताना पाहिलं, रात्री भांडण झालं होतं त्याचं टेन्शन असेल, झोपू द्या. तुम्हीच लिहिलंय की त्यांना दुसऱ्या दिवशी नेलं. तुम्हाला दोष देत नाहीये, आपल्याकडे प्रत्येक घरात हेच होतं. टेन्शन म्हणजे असा पाहुणा आहे की घरात काहीही हरवलं तर त्याच्यावर ढकलायचं, आणि चोर मात्र मागच्या दाराने रोज ये-जा करून राहिला.

तो चोर म्हणजे बीपी. भारत धरून ३२ देशांत सुमारे २७ हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, इंटरस्ट्रोक नावाचा, २०१६ मध्ये छापून आला. त्यात स्ट्रोकच्या एकूण धोक्यापैकी ९०% धोका अशा दहा गोष्टींशी जोडलेला निघाला ज्यावर काहीतरी करता येतं. मनावरचा ताण त्या दहात होता, त्याचा वाटा १७% च्या आसपास. बीपीचा वाटा ४८% च्या आसपास. हे वाटे एकमेकांवर चढलेले असतात, सरळ बेरीज करायची नसते, तरी कोण मोठा ते कळतं. शिवाय १७% चा ताण कमी करायला नोकरी, कर्ज, सासू, देश सगळं बदलावं लागतं, आणि ४८% चा बीपी बहुतेकांचा रोज एक-दोन स्वस्त गोळ्यांत ताब्यात येतो.

माझाच किस्सा सांगतो. सेहेचाळीसचा होतो, ओपीडीत सिस्टरने नवीन मशीन आलं म्हणून माझ्याच दंडाला पट्टा लावला. १६२/१००. मी म्हटलं अगं सकाळपासून चाळीस पेशंट पाहिले, टेन्शन आहे, संध्याकाळी बघू. ती म्हणाली, सर पेशंट असं म्हणतात तेव्हा तुम्ही काय म्हणता? मी गप्प. आठवडाभर घरी मोजला, वरच होता. गोळी सुरू केली. पेशंट आजही तेवढेच आहेत, टेन्शन तेवढंच आहे, बीपी १२४ वगैरे असतो.

म्हणून टेन्शन आधी कमी करतो मग बीपी बघू हा क्रम उलटा आहे. बीपी धरा, टेन्शन असलं तर असू द्या. घरी दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं न बोलता बसून, अर्धा तास आधी चहा-खर्रा काही नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, सकाळी झोपण्याआधी आणि झोपून उठल्यावर कामाला लागण्याआधी असं काहीतरी तुमच्या शिफ्टप्रमाणे ठरवून सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरच्या मशीनवर ती १३५/८५ च्या वर असेल तर तो बीपीच, त्याला टेन्शन म्हणायचं नाही. टीआयए निघाला तर डॉक्टर बहुतेक १३०/८० च्या खाली न्यायला सांगतील. "एकदा गोळी लागली की जन्मभर" हे पण ऐकतो मी रोज. चष्मा लागल्यावर कोणी असं म्हणत नाही. बीपीचं एक आणखी आहे, २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा स्मरणशक्तीची सौम्य घसरण कमी लोकांत दिसली. डिमेन्शियाचा, म्हणजे मोठ्या स्मृतिभ्रंशाचा, फरक तेवढा ठोस निघाला नाही, तेही सांगतो. पण नावं विसरतो म्हणून ब्रेन टॉनिक शोधणाऱ्या माणसाला माझं उत्तर हेच असतं, तुमचं ब्रेन टॉनिक बीपीची गोळी आहे.

खास नागपुरी गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घाम खूप, पाणी कमी, बीपी आपोआप थोडा उतरतो, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना चक्कर येते. मग पेशंट सगळ्याच गोळ्या बंद करतो आणि त्याला खरंच बरं वाटतं. थंडी पडली की बीपी परत चढतो, गोळी मात्र मे मध्ये बंद झालेली ती झालेलीच. डिसेंबर-जानेवारीत ज्यांना लकवा घेऊन आणतात त्यांच्या घरच्यांना मी विचारतो गोळी कधी बंद केली, आणि कितीतरी वेळा उत्तर येतं, सर उन्हाळ्यात. उन्हाळ्यात डोस कमी करावा लागू शकतो, पण तो आम्हाला विचारून, आणि दिवाळीच्या सुमारास परत दाखवून.

खर्रा. तुम्ही लिहिलंय रात्री जागायला दोन पुड्या लागतात. तंबाखू धुराची नसली तरी निकोटिन तेच, नाडी आणि बीपी त्याच वेळी वर जातात, म्हणजे ज्या रात्री शरीराने बीपी खाली आणायचा त्या रात्री तुम्ही तो वर बांधून ठेवता. सावजी आणि तर्री मी पण खातो, फक्त रोज नाही, आणि लोणचं-पापड-फरसाण धरून दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचाभर. कामाच्या तासांचंही मोजून बघा, २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडे दिले की आठवड्याला ५५ तासांच्या वर काम करणाऱ्यांत ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५% जास्त दिसतो. नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, हप्ता मी भरणार नाहीये. पण शिफ्ट संपल्यावर खिडकीला जाड पडदा, मोबाईल दुसऱ्या खोलीत आणि सलग सात तास झोप हे कर्ज असलेल्या माणसालाही जमतं. संध्याकाळी कामाला बसण्याआधी फुटाळा तलावावर नाहीतर सोसायटीच्या आवारात अर्धा तास घाम येईल असं चालणं, हे पण.

सलाईनचं. नसा साफ करायची सलाईन असं काही नसतं. रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाईप नाही, चरबीचा थर तिच्या भिंतीच्या आत असतो, वरून धुऊन निघत नाही. तो स्थिर ठेवायला स्टॅटिन नावाची कोलेस्टेरॉलची गोळी असते. सिटिकोलिन नावाचं मेंदूचं औषध खूप लिहितात आपल्याकडे, पण २०१२ मध्ये युरोपात २,२९८ स्ट्रोक पेशंटवर ते तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही. जिन्को नावाच्या झाडाच्या पानांच्या कॅप्सूलने डिमेन्शिया टळत नाही हे २००८ मध्येच तीन हजारांवर म्हाताऱ्या लोकांत पाहून झालंय.

बाबांबद्दल. स्ट्रोक झाल्यावर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, मोठी वाहिनी अडली असेल तर निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत तार घालून गुठळी ओढून काढता येते. ती वेळ गेली, त्यावर आता विचार करून उपयोग नाही. दोन वर्षांनी हाताची सुधारणा हळू होते पण शून्य नसते. बोटं घट्ट मिटून राहत असतील तर बोटॉक्सचं इंजेक्शन आणि लगेच त्यामागे फिजिओ, एवढ्याने हात धुता येणं, बाही घालता येणं इतका फरक पडलेला मी पाहिलाय. हालचाल थोडी शिल्लक असेल तर रोज खऱ्या कामाचा सराव, चमचा उचलणे, डबा उघडणे, रबरी बॉल दाबत बसण्यापेक्षा ते बरं. ते गप्प बसून राहतात, जेवण कमी झालं असं तुम्ही लिहिलंय, ते आळस समजू नका, स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला डिप्रेशन येतं आणि त्यावर औषध आहे. स्टेम सेलला मात्र थांबा. स्ट्रोकसाठी ते अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे नियम सांगतात की ते मंजूर चाचणीतच द्यायचं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जिथे आधी पॅकेजचा आकडा सांगतात तिथे कोणती चाचणी चालू आहे ते विचारा, उत्तरावरून कळेल. त्यासाठी आईचं सोनं मोडू नका, ते घरीच राहू द्या.

खाली एका ताईंनी विचारलंय त्यांच्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाबद्दल. तुमचा प्रश्न वेगळा आहे ताई, लहान मुलांतल्या स्ट्रोकचं आपल्या विदर्भात ते एक महत्त्वाचं कारण आहे आणि कवटीवरून करायच्या डॉप्लर सोनोग्राफीने धोका आधी कळतो. वेगळा प्रश्न टाका, सविस्तर लिहितो.

आणि तुम्ही, परत सांगतो, बायकोला आत्ता दोन गोष्टी सांगून ठेवा. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला किंवा बोलणं अडखळलं तर १०८ लावायचा आणि शेवटचं ठीक केव्हा पाहिलं ती वेळ लिहून ठेवायची. तोंडात पाणी, गोळी, काही घालायचं नाही. जाताना गाडी स्वतः चालवू नका, तिला चालवू द्या. बाबांची जुनी फाईल आणि तुमचा तो १५४/९६ चा कागद सोबत घ्या. आणि आजची शिफ्ट टाका, मॅनेजरला काय सांगायचं ते एमआरआयच्या रांगेत बसून ठरवा, तिथे वेळ भरपूर मिळतो.